दुसऱ्याच्या वाट्याची वचनं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे घटस्फोटावर तुम्ही लेख छापला त्यावर वाचकांची पत्रं येतायत, त्यातली दोन वाचून राहवेना म्हणून हे लिहितेय. लांबलं तर कात्री लावा पण वाक्य अर्धं तोडून लावू नका, कारण नेमकी तीच माझी तक्रार आहे.

पहिल्या पत्रात एका गृहस्थांनी लिहिलंय की बायबलात स्पष्ट म्हटलंय देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे, झालं, विषय संपला. त्यावर दुसऱ्या एका वाचकाने उत्तर दिलं की म्हणूनच म्हणतो हे सगळे धर्मग्रंथ, गीता असो बायबल असो कुराण असो, बांधून माळ्यावर टाका, घराघरात भांडणं लावण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. आता मी मराठी ख्रिस्ती, माहेर नगरकडचं, लग्न होऊन इंदूरला आले ती इथलीच झाले, शाळेत शिकवून रिटायर झाले, आणि आमच्या घरी सकाळी पोह्यांच्या आधी बायबलचा एक अध्याय होतो. तेव्हा माझं भांडण दोघांशीही आहे. पहिल्याशी जरा जास्त.

ते तिटकाऱ्याचं वचन बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात आहे, दुसरा अध्याय, सोळावं वचन. ते कोणाला उद्देशून आहे हे बघायला फार विद्वान व्हावं लागत नाही, तीन ओळी वर जायचं फक्त. तिथे पुरुषांना झापलंय हो. तुम्ही देवाच्या वेदीपाशी येऊन रडता की आमचं अर्पण का स्वीकारत नाहीस, अरे कसं स्वीकारेल, तरुणपणी जिच्याशी लग्न केलंस, जी तुझी सोबतीण, तिच्याशी तू बेइमानी केलीस, असा सगळा तो भाग आहे. आणि मग सोळाव्या वचनात बायकोला सूटपत्र देऊन घालवण्याचा तिटकारा आहे आणि त्याच वाक्यात, त्याच दमात, जुलमाचाही आहे. आता पहिल्या पत्रवाल्या काकांनी पुढचा अर्धा भाग का गाळला ते त्यांनाच माहीत.

आमच्या नात्यात एक मुलगी आहे, नाव-गाव काही सांगत नाही, तिचा नवरा मारायचा, सासरचे बघत बसायचे, शेवटी ती माहेरी निघून आली. आली त्याच आठवड्यात नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हेच अर्धं वचन टाकलं, खाली गुलाब, जोडलेले हात आणि प्रेज द लॉर्ड. बारा-पंधरा जणांचे अंगठे आले त्यावर. आणि मजा म्हणजे तो नवराही त्याच ग्रुपवर होता, पण त्याला उद्देशून कोणी काही टाकलं नाही. जे वचन मुळात बायकोला छळणाऱ्या, सोडणाऱ्या पुरुषासाठी लिहिलेलं ते त्याच्या डोक्यावरून गेलं आणि मार खाऊन आलेल्या पोरीला जाऊन लागलं!

हे असं का होतं यावर मी बराच विचार केलाय आणि माझं एक मत झालंय. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात पाचव्या-सहाव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल एकेकाला हाक मारून सांगतो. बायकांनो, नवऱ्याच्या अधीन राहा. नवऱ्यांनो, ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जीव दिला तशी बायकोवर प्रीती करा. मुलांनो, आईबापांचं ऐका. बापांनो, मुलांना चिरडीला आणू नका. दासांनो, धन्याचं ऐका. धन्यांनो, धमकावणं सोडा, तुमचाही एक धनी वर बसलाय. आणि या सगळ्याच्या आधी, एकमेकांच्या अधीन राहा, हे सगळ्यांनाच. मी आयुष्यभर बघत आलेय की प्रत्येकाला आपली ओळ सोडून समोरच्याची पाठ असते. बायकांसाठीचं बाविसावं वचन मी लग्नांमध्ये ऐकलंय, भांडणांमध्ये ऐकलंय, मिटवामिटवीच्या बैठकांमध्ये तर हमखास ऐकलंय. पंचविसावं, म्हणजे नवऱ्याचं, स्वतःहून तोंडपाठ केलेला एक नवरा मला शोधून दाखवा, मी त्याला इथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, नेऊन पोटभर गराडू खायला घालते. सासूला सुनेचं पाठ, बापाला पोराचं पाठ, मंडळीच्या कमिटीवाल्यांना दान देणाऱ्यांचं पाठ. पाकिटावर आपलं नाव असतं ते आपण खोडायचं, शेजारच्याचं लिहायचं, आणि वर पोस्टमन होऊन त्याच्याच दारावर धडका मारायच्या, असा हा सगळा कारभार आहे.

आणि हे काही आपल्याच लोकांचं नाही. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास. आपल्या बायबलात अध्याय ११८९, त्यात जेमतेम २३२. मोशेने गुलामांना मिसरातून सोडवून आणलं तो भाग जवळजवळ सगळा गायब, ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही सगळे एकच हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन गायब, पण दासांनो धन्याचं ऐका हे मात्र व्यवस्थित ठेवलेलं. म्हणजे आमच्या ग्रुपवर अंगठ्याने जे होतं ते तिथे छापखान्यात झालं. पुढे अमेरिकेत याच गुलामीवरून यादवी युद्ध पेटलं आणि ते संपत आलं तेव्हा १८६५ मध्ये दुसऱ्यांदा शपथ घेताना लिंकन बोलून गेले की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि दोघंही एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात.

मला कधीकधी वाटतं यात त्या आकड्यांचाही हात आहे. अध्याय पाडले ते तेराव्या शतकात आणि नव्या कराराच्या, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, वचनांना आजचे आकडे दिले रॉबर्ट एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने, १५५१ मध्ये. शोधायला सोय झाली हे खरंय, मी पण रोज वापरते. पण पौलाने पत्र पाठवलं तेव्हा ते मंडळीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे, म्हणजे नवरा, बायको, पोरं, मालक, गुलाम एकाच खोलीत बसून ऐकतायत, बायकोची ओळ झाली की लगेच नवऱ्याची ओळ, मालकाला उठून जायला चान्सच नाही. आता आकडा आला, ओळ सुटी झाली, सुटी ओळ उचलून फेकायला सोपी.

उचलून फेकण्याचं सगळ्यात भारी उदाहरण तर खुद्द शुभवर्तमानातच, म्हणजे येशूच्या चरित्रातच आहे आणि त्यावर उपदेश ऐकताना हा मुद्दा मी फार कमी वेळा ऐकलाय. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभा करतो आणि म्हणतो घे उडी, कारण शास्त्रात लिहिलंय देव तुझ्यासाठी दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. सैतानाने शास्त्र बरोबर सांगितलंय! एक्क्याण्णवावं स्तोत्र आहे ते. आमच्याकडे घरात कोणी आजारी असलं की हेच स्तोत्र म्हणतात, कोविडच्या वेळी तर उठताबसता म्हणत होतो, इथल्या बॉम्बे हॉस्पिटलच्या बाहेर बसून म्हटलेलं मला आठवतंय. तेच स्तोत्र, आपल्या भीतीत आपण आपल्यासाठी म्हटलं की आधार आणि दुसऱ्याला कड्यावरून ढकलताना म्हटलं की ते कोणाचं काम आहे हे मत्तयाने नाव घेऊन लिहून ठेवलंय, मी वेगळं काय सांगू.

तसंच त्या व्यभिचारात धरलेल्या बाईचं. योहानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट, दगडाची, ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते. शास्त्री लोक तिला ओढत आणून म्हणतात मोशेच्या नियमशास्त्रात असं असं लिहिलंय. बरं, लिहिलंय ना, मग पूर्ण सांगा की! त्याच नियमशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकात दोघांना शिक्षा सांगितलीय, बाईला आणि पुरुषाला. तो पुरुष कुठाय? पकडली तर दोघांना असेल ना एकदम? तिथेही अर्धंच वचन आणि तेही जिला उलटून बोलता येत नाही तिच्यावर.

आता दुसरं पत्र, माळ्यावर टाका वाल्यांचं. त्यांचा राग मला कळतो, पण माळ्यावर टाकून काय होणार. ज्याला दुसऱ्याला टोचायचंच आहे तो सुभाषितानं टोचेल, राज्यघटनेच्या कलमानं टोचेल, डॉक्टरच्या रिपोर्टनं पण टोचेल. आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी दिवा लावून मनाचे श्लोक म्हणतात, दोनशे पाच श्लोक आहेत आणि समर्थांनी ते सगळे मनाला सांगितलेत, मना हे कर आणि मना ते करू नको. काकूंना मी एकदा म्हटलं तुमच्याकडे बरंय, सुरुवातीलाच पत्ता घातलाय. तर त्या हसून म्हणाल्या अगं कसलं काय, माझे सासरे हेच श्लोक माझ्याकडे बघून म्हणायचे! घ्या.

वाचायचं सोडलं तर काय हातचं जातं ते सांगते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जाताना नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळक तेव्हा काही ख्रिस्ती नव्हते, कवी होते, बोलण्यात कोणाला हार जाणारे नव्हते. शब्द दिला म्हणून वाचायला लागले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, तिथून सुटले नाहीत, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची बायको लक्ष्मीबाई तर तेव्हा ख्रिस्ती झाल्याच नाहीत, वेगळ्या राहिल्या, मग परत नवऱ्याकडे आल्या त्या सुद्धा आधी आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच, आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला त्यांनी तो निर्णय घेतला. आज आमच्याकडे एखाद्या पोरीने हिंदू मुलाशी लग्न ठरवलं की विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर संबंध जोडून विजोड होऊ नका हे वचन दोन तासात तिच्या फोनवर पोचतं, पण त्याच पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहिलंय की विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये, आणि नवऱ्याबद्दल बायकोलाही तेच, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. टिळकांच्या घरी ते जगून दाखवलं गेलं.

गांधीजींनी लंडनला विद्यार्थी असताना बायबल वाचलं, जुना करार वाचताना त्यांना चक्क झोप यायची असं त्यांनीच लिहिलंय (गणना हे पुस्तक वाचलेल्या कोणालाही हे पटेल) पण डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, कोणाला करायलाही गेले नाहीत, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर हे मात्र इंग्रजांना ऐकवत न बसता स्वतःवर लावून घेतलं.

आणि टिळक-गांधी लांबचे वाटत असतील तर आपल्या इंदूरचं सांगते. सिस्टर राणी मारिया, केरळच्या, इंदूर धर्मप्रांतात उदयनगरला आदिवासी मजुरांमध्ये काम करायच्या, सावकारी पाशातून लोकांना सोडवायच्या म्हणून काही जणांच्या डोळ्यात खुपत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये चाकूने वार करून त्यांना मारलं. नंतर त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, जेलमध्ये जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. घरच्यांनी माफी लिहून दिली आणि तो माणूस २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला, तेव्हा शहरभर बोलणं होतं त्याचं, तुमच्याही पेपरात आलं असेल.

आता यात मला जे दिसतं ते असं की शत्रूंवर प्रीती करा हे वचन त्या बहिणीने आपल्याला लावलं. तेच वचन घेऊन बाहेरचा कोणी, ज्याचं काही गेलेलं नाही असा, त्या आईवडिलांच्या दारात उभा राहिला असता आणि म्हणाला असता करा माफ, लिहिलंय तसं, तर तो क्रूरपणा झाला असता की नाही? शब्द तेच. येशूचा शिष्य पेत्र विचारतो ते सुद्धा नीट वाचा, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करावी, सातदा का? मी करावी. तो स्वतःबद्दल विचारतोय, तेव्हा येशू म्हणतो सातदा नाही, साताच्या सत्तरपट. आमच्या त्या नात्यातल्या मुलीला मात्र साताच्या सत्तरपट हे एका ज्येष्ठ माणसाने सांगितलं, ज्याला एकही फटका बसला नव्हता. तिने उलट विचारलं, अंकल, मोजायचं कुठून सुरू करू, लग्नापासून की हात मोडल्यापासून. त्यावर अंकल गप्प.

यावर कोणी म्हणेल, मग काय कोणी कोणाला काही बोलायचंच नाही का, दोष काढू नका म्हणून हिशोबात घोळ करणाऱ्यालाही सोडायचं का. नाही हो. उलट हे वचनही आता ढाल म्हणून वापरात आहे, कमिटीला प्रश्न विचारला की ब्रदर, दोष काढू नका, बायबल म्हणतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढूच नको असं येशू कुठे म्हणाला, आधी आपल्यातलं मुसळ काढ म्हणजे तुला नीट दिसेल, असं म्हणाला. नाथान संदेष्टा दावीद राजाच्या तोंडावर बोललाच की. राजाने उरीयाची बायको ठेवून घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं, तर नाथानाने त्याला एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, श्रीमंताने ती कापून पाहुण्याला घातली म्हणून. दावीद भडकला, म्हणाला मरणाची शिक्षा द्या त्या माणसाला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. बघा ना, दुसऱ्याची गोष्ट आहे असं वाटेपर्यंत राजाला न्याय किती पटकन सुचला! पण नाथान बोलला कोणाला, तर ज्याच्या एका इशाऱ्यावर स्वतःची मान गेली असती त्याला, आणि समोर उभं राहून. ग्रुपवर गुलाब टाकून नाही, आणि नुकती घर सोडून आलेल्या, बँकेत पाच हजार नसलेल्या पोरीला तर नाहीच नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर माझ्या वयाच्या बायकांसाठी पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात स्वतंत्र ओळ आहे, वृद्ध स्त्रियांनी चहाडखोर नसावं, मद्याच्या आहारी गेलेल्या नसावं. दुसऱ्या अर्ध्याची काळजी नाही. पहिलं अर्धं मी आमच्या भिशीच्या दिवशी मुद्दाम वाचून जाते, आणि भिशीत दुसऱ्या कोणाला ते वाचून दाखवत नाही, कितीही मोह झाला तरी, आणि होतो.

जाता जाता एक विनंती. रविवारच्या पानावर तुम्ही चौकटीत एक वचन छापता, कधी गीतेतलं, कधी बायबलमधलं, छान असतं. तिथे श्लोकाचा किंवा वचनाचा आकडा देऊ नका, नुसता अध्याय द्या. ज्याला ती ओळ कापून कोणाला तरी पाठवायचीय त्याला निदान मागचं-पुढचं चाळावं लागेल, आणि चाळता चाळता मध्येच एखादी त्याच्या स्वतःच्या नावाची ओळ लागली तर लागली.

आपली,
एक वाचक
सुदामा नगर, इंदूर